आधी टाळ गेले

भजनातले टाळ. समोर आठ-दहा जण जोर लावून वाजवतायत, हात दिसतायत, पखवाज छातीत घुमतोय, बुवांचा आवाज स्वच्छ येतोय. टाळ आपटल्याचं कळतं, वाजल्याचं कळत नाही. पहिले गेले ते हेच.

क्वार्ट्झ घड्याळाचा गजर. त्याची टिटटिट ४,००० हर्ट्झच्या आसपासची. घड्याळ माझ्या उशाशी वाजत राहतं आणि ही स्वयंपाकघरातून येऊन बंद करते.

दूरदर्शनच्या जुन्या संचाची बारीक शिट्टी. चित्राच्या ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं, गुणाकार १५,६२५. तेवढ्या हर्ट्झची ती शिट्टी असे. कुणाकडे टीव्ही चालू आहे हे तरुणपणी जिन्यातच कळायचं. आधी ती कानातून गेली, मग ते काचेच्या नळीचे संचच गेले. दोन्ही कधी गेलं, कुणी लिहून ठेवलं नाही.

रातकिडे. ऐन पावसाळ्यात कोकणात मुक्काम केला तरी रात्र गप्प.

शिंजीर. जास्वंदीवर उलटा लटकतो, चोच उघडतो, मिटतो. मूकपट.

कॅसेटमागची सूं. ही गेली ते बरं झालं.

न गेलेल्यांत तांबट आहे, कोकीळ आहे, वरच्या मजल्यावरचं सरकवलं जाणारं फर्निचर आहे आणि डास आहे. डासाच्या पंखांची भुणभुण पाचेकशे हर्ट्झची, म्हणजे अगदीच खालची. म्हातारपणाने निदान एवढी सवलत तरी द्यायला हवी होती.

माणसाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं असं पुस्तकात असतं. वय वाढतं तसं हे वरच्या टोकाकडून कमी होत येतं. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळत गेलेली नळी असते. तिच्या तोंडाशी उंच आवाज टिपणाऱ्या केसपेशी, आणि जसजसं आत जावं तसतशा खर्जाच्या. एका कानात सगळ्या मिळून पंधराएक हजार. तोंडाशी असलेल्या आधी जातात, आणि माणसात त्या पुन्हा येत नाहीत. कानाच्या तपासणीचा आलेख हेच दाखवतो. २५० हर्ट्झपाशी रेघ सरळ निघते, २,००० च्या पुढे घसरते, ८,००० ला तळाशी जाते. तपासणाऱ्या मुलीने तो कागद माझ्याकडे फिरवला आणि म्हणाली, “काका, खालचं अजून छान आहे तुमचं.”

गाणं ऐकणाऱ्याने तिचं हे वाक्य धरून ठेवावं.

कारण गाणं खालीच असतं. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाचा षड्ज १३९ हर्ट्झच्या जवळ, तार षड्ज २७७. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा षड्ज २०८, आणि त्या तार पंचमाला जाऊन थांबल्या तरी ६२२. साध्या पेटीची अगदी शेवटची पट्टी दोन हजारांच्या आत. सगळी सप्तकं शाबूत आहेत. मींड आहे, गमक आहे, कोमल ऋषभ जिथे होता तिथेच आहे. जातं ते सुरांच्या डोक्यावरचं: धार, चमक, श्वासाचा खरखरीतपणा, आणि शब्दांची टोकं.

शब्दांची टोकं म्हणजे व्यंजनं. स्वर खालच्या पट्टीत आणि जोरदार. ‘स’चा मोठा भाग ४,००० च्या वर. ‘श’ थोडा खाली, ‘फ’ आणि ‘थ’ उंच असून शिवाय अशक्त. भाजीवाली साठ म्हणते, मला आठ ऐकू येतं. थोडा वेळ मी खूश असतो.

म्हणून भावगीताचं नुकसान जास्त, ख्यालाचं कमी. बंदिशीचे शब्द ऐकू येत नाहीत ही तक्रार धडधाकट कानाचे लोकही पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. बडा ख्याल विलंबित एकतालात पसरला की तिथे शब्दाला आकाराइतकीच किंमत. आमच्यासारख्यांना हे गाणं जणू मुद्दाम सवलतीत दिलेलं.

नवीन भावगीत मात्र अर्धं येतं. ओळ सुरू होते, मधला शब्द गळतो, यमकावरून अंदाज बांधेपर्यंत पुढची ओळ निघून गेलेली. जुनं भावगीत पूर्ण येतं, एकही अक्षर न गळता. यात कानाचा पराक्रम काही नाही. गाणं पाठ आहे, कानाने इशारा द्यायचा आणि बाकीचं डोक्याने भरायचं. गीतरामायण आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, सुरू झालं आणि छप्पन्न गीतं होईपर्यंत वर्षभर चाललं. ज्या घरांनी ते तेव्हा किंवा पुढच्या प्रक्षेपणांत कान देऊन ऐकलं, त्या घरांतल्या माणसांना आज रेडिओ अगदी बारीक करून ठेवला तरी चालतं. सुधीर फडक्यांचे शब्दोच्चार स्पष्ट होते हे खरंच, पण ऐकणाऱ्याची तयारीही कमी नव्हती.

आणि तो रेडिओ तरी काय देत होता? मध्यम लहरींवर दोन केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर, त्यामुळे आवाज साडेचार हजारांच्या आसपास कापलेला. टेलिफोन ३,४०० पर्यंत. १९२५ पर्यंतच्या तबकड्या कर्ण्यात तोंड घालून गायलेल्या. त्यांत अडीच हजारांच्या वरचं फारसं उतरतच नसे. गौहरजान १९०२ साली कलकत्त्यात अशाच कर्ण्यासमोर गायल्या. त्या तबकड्या ऐकताना माझा कान नातवाच्या कानापेक्षा फार मागे नसतो. त्याला जास्तीची ऐकू येते ती खरखर. आम्ही ज्या आवाजांवर जीव लावला ते बहुतेक आवाज आमच्यापर्यंत आले तेव्हाच वरून छाटलेले होते. मग आता छाटले गेले म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही. हे समाधान उतार दोन हजारांच्या खाली येईपर्यंतच टिकतं, हेही सांगून ठेवतो.

अल्लादिया खाँसाहेबांचं तर ध्वनिमुद्रणच नाही. तिथे सगळ्यांचे कान सारखे.

तबल्याची चाट. ‘ना’ पातळ झाला, ‘तिरकिट’ एकमेकांत मिसळलं. डग्गा जसाच्या तसा. ठेका आता मी डाव्या हातावरून ऐकतो. तीनतालात नवव्या मात्रेनंतर डग्गा गप्प होतो, म्हणजे खाली आली. परत बोलू लागतो, तिथे सम जवळ आली. अशाने उलट लय जास्त नीट कळते, असं माझं मत झालंय. तबलजींना पटणार नाही.

सतारीची तरफ, आणि झाल्यातली चिकारी.

संतूर निम्मं.

बासरी मात्र राहिली, कारण ती मोठी झाली होती. पन्नालाल घोषांनी लांब, जाड बांबूची खालच्या पट्टीची बासरी रूढ केली. तिच्या मंद्रात अजूनही जागा मिळते. फुंकेतली हवा गेली, एवढंच.

शंकर-जयकिशनचा भरगच्च वाद्यवृंद. हा वेगळ्या कारणाने गेला. उतरत्या कानाला नुसतं कमी ऐकू येत नाही. शेजारशेजारचे आवाज वेगळे काढायची त्याची शक्तीही कमी होते. वीस वाद्यं एकदम आली की खिचडी. एक गळा, एक तानपुरा, एक पेटी, एक तबला ही मांडणी कानाला झेपते. आपल्या मैफलीची बैठक मुळात इतकी विरळ आहे याचा उपयोग असा होईल हे कुणाच्या मनात नसणार.

आलापाचं टोक. गायक आवाज बारीक करत करत सोडून देतो ती जागा. तिथे मला गाणं संपलेलं असतं, खोलीतल्या बाकीच्यांना नसतं. आणि लगेच तबला आला की दचकायला होतं. ही या बहिरेपणाची खरी विचित्र बाजू. बारीक आवाज ऐकू येत नाहीत आणि मोठे पूर्वीइतकेच मोठे वाटतात; मधला जिना पडून गेलेला. म्हणून प्रत्येक घरात तो संवाद होतो. “जरा मोठ्याने बोल.” आणि त्याच मिनिटाला, “ओरडतोस कशाला?” पोरांना वाटतं म्हातारा खोडसाळ आहे. आवाज नुसता वाढवत नेल्याने म्हणूनच भागत नाही. आलाप ऐकू येईल इतका वाढवला की तान कानात घुसते.

यावर उपाय म्हणून मशीन. श्रवणयंत्र हा शब्द पावतीवर असतो, घरात मशीनच म्हणतात.

मशीन बसवल्यावर परत आलेल्या वस्तू: वर्तमानपत्राचं पान, प्लास्टिकची पिशवी, स्वतःच्या सपाता, फोडणीतली मोहरी, नळ, पंखा. बरंच न मागता आलं. मेंदूला या आवाजांची परत सवय व्हायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा लागतो.

मशीन बसवल्यावर गेलेली वस्तू: तानपुरा.

याच्याजवळ थोडं थांबायला हवं.

तानपुरा मिरजेचा आहे, घरातला, आता कुणी गात नाही तरी तारा बदललेल्या. (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, कारागिरांच्या गल्लीत त्याआधीही कामं तशीच चालू होती.) त्याची घोडी सपाट, किंचित उताराची. तार घोडीवरून थेट सुटत नाही, घासत सुटते, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून नेमकी जागा सापडली की जवारी बोलायला लागते. एका तारेतून उपस्वरांची रांगच्या रांग निघते. त्यातली वरची रांग, ती झळझळ, माझ्या कानातून आधीच गेली होती. पण खर्जाच्या तारेतला गांधार होता. खर्ज ६९ हर्ट्झचा, त्याचा पाचवा उपस्वर ३४६ वर, आणि तोच गांधार. कुणी न छेडलेला. इतका खाली असल्यामुळे वय त्याच्यापर्यंत पोचत नाही. झळझळ गेल्यावर तो उलट मोकळा ऐकू येतो.

मशीन घातलं आणि छेडला. पहिली दोन आवर्तनं भरपूर आली. मग तानपुरा मागे मागे जाऊ लागला, कुणी उचलून आतल्या खोलीत नेत असल्यागत. हात तारांवर आहे, जोर तोच आहे. मशीन काढलं, परत जवळ आला.

झालं होतं ते असं. मशीन बोलणं ऐकवण्यासाठी बनवलेलं. बोलणं चढतं, उतरतं, मध्ये थांबतं. जो आवाज न थांबता एकसारखा येतो तो बोलणं नव्हे: पंखा, एसी, गाडीचं इंजिन. तो ओळखून दाबायचा, असं त्याला शिकवलेलं. न थांबता एकसारखं येत राहणं हेच तानपुऱ्याचं काम. मशीनने त्याला पंखा ठरवलं.

लांबवलेल्या षड्जाचंही तेच. मशीन कधी कधी स्वतःच शिट्टी मारतं, कारण त्यातून बाहेर पडलेला आवाज परत त्याच्याच माइकात शिरतो. ती शिट्टी दाबण्यासाठी आत बंदोबस्त असतो. पेटीचा धरून ठेवलेला स्वर, बासरीचा लांब स्वर त्याला आपलीच शिट्टी वाटते आणि तो तिच्यावर तुटून पडतो. स्वर थरथरतो, कडेला फाटतो. वर्षानुवर्षं ऐकलेल्या ध्वनिमुद्रणात भीमसेनांचा षड्ज हलायला लागला तर दोष कुणाचा, हे न सांगता कळतं.

या दोन्हींचा इलाज आहे आणि त्याला वेगळे पैसेही सहसा लागत नाहीत. मशीनमध्ये ‘म्युझिक’ असा वेगळा प्रोग्रॅम करून घेता येतो. त्यात नॉइज रिडक्शन बंद, फीडबॅकचा बंदोबस्त बंद किंवा अगदी सौम्य, समोरचंच ऐकणारा माइक बंद, आणि लहान-मोठ्या आवाजांना एका मापात आणणारी दाबादाबी कमी. बटण दाबलं की गाणं, परत दाबलं की बोलणं. हे मागावं लागतं. आपण होऊन क्वचित कुणी देतं, कारण तपासणीच्या खोलीत तानपुरा नसतो.

बाकी घरातली मांडामांड.

खुर्ची स्पीकरजवळ. अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो, फुकटात. दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला बसून आवाज वाढवणं म्हणजे शेजाऱ्यांना गाणं ऐकवणं.

खाली सतरंजी, खिडकीला जाड पडदा. मोकळ्या फरशीवर आणि उघड्या भिंतींवर आवाज आपटतो, आणि घुमलेल्या आवाजातून स्वर वेगळा काढणं आपल्याला झेपत नाही.

पंखा बंद. मे महिन्यात हे सांगणारा माणूस घरात अप्रिय होतो, म्हणून पहाटे ऐकावं. तेवढाच भैरव वेळेवर होतो.

स्पीकरचा आवाज कमी आणि मशीनचा जास्त. हे उलटं वाटतं. पण मशीनच्या माइकाला मोठ्या आवाजाची एक हद्द असते. बोलणं ती ओलांडत नाही, गाणं ओलांडतं, आणि एकदा आत शिरताना फाटलेला आवाज पुढे काही केल्या शिवता येत नाही. मशीन जुनं असेल तर माइकाच्या भोकावर साधी चिकटपट्टी लावावी, आत जाणारा आवाज थोडा बसतो. कॅनडातले मार्शल चेसिन यांचं आयुष्य वादकांचे कान तपासण्यात गेलं. त्यांचा हा तोडगा. आमच्याकडे कुणाला सांगितला तर थट्टा वाटते.

ब्लूटूथवरून गाणं सरळ मशीनमध्ये घेता येतं. सोय मोठी, पण मशीनची कानातली टोपी भोकांची असेल तर खर्ज बाहेर गळतो आणि डग्ग्याचा पत्र्याचा डबा होतो. गाण्यापुरती बंद टोपी लावून पाहावी. त्यात स्वतःचा आवाज विहिरीतून आल्यागत येतो, पण गाणं ऐकताना आपण बोलायचं नसतंच.

पावसाळ्यात मशीन रात्री सिलिका जेलच्या डबीत. सेलवरचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बसवायचा. हे सेल हवेवरच चालतात.

हाडातून ऐकवणारे हेडफोन वयाच्या बहिरेपणावर फारसे उपयोगी नाहीत. आवाज हाडातून गेला तरी पोचतो त्याच झिजलेल्या केसपेशींपाशी. दुकानदार हे सांगत नाही.

तळहात मात्र उपयोगी आहे. त्वचेला सर्वांत चांगली कळतात ती अडीचशे हर्ट्झच्या आसपासची कंपनं, आणि हजारच्या वर ती आंधळी होते. तानपुऱ्याच्या भोपळ्यावर हात ठेवला की खर्ज आणि जोड दोन्ही मनगटापर्यंत येतात. गवई लोक भोपळ्याला कान लावून मिळवायचे. आम्ही हात लावून ऐकतो.

एवढं सगळं करण्याआधी कानातला मळ काढून आणावा. निम्म्यांचं नाही म्हणत, पण काहींचं बहिरेपण तिथेच संपतं. आणि ऐकणं एकाच कानाचं गेलं असेल, किंवा दोन-तीन दिवसांत एकाएकी गेलं असेल, तर ते वयाचं समजून घरी बसू नये. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जावं.

मशीन घ्यायला जाल तेव्हा फोनमध्ये तानपुऱ्याचं ॲप घालून न्या. तुमच्या पट्टीत लावा, मशीन कानात घाला आणि पाच मिनिटं कुणाशी न बोलता ऐका. पंचम, जोड, खर्ज अखेरपर्यंत जागेवर राहिले तर पैसे द्या. मध्येच विरायला लागले, तर आधी प्रोग्रॅम बदलून मागा.